गोल टॅरो, नोंद ७ : ग्लास्टनबरीत सापडलेला उजवा-डावा कौल

आधी हिशेब. ७८ पैकी ३१ पत्ते रंगवून झाले. मोठे २२ पूर्ण, तलवारींचे ९. पेल्यांपाशी गाडं अडलं ते दीड महिना तिथेच उभं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. टॅरो म्हणजे भविष्य पाहायला वापरतात तो पत्त्यांचा कॅट: २२ मोठे पत्ते, बाकीचे लहान, तलवारी, पेले, दंड आणि नाणी अशा चार रंगांचे. गंजिफा म्हणजे आपले हाताने रंगवलेले, खेळायचे गोल पत्ते. आम्ही दोघं ब्रिस्टलच्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, सावंतवाडीच्या गंजिफेच्या वळणाने टॅरोचा कॅट हाताने करतोय. चकत्या नवरा करतो. सुती कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वजनाखाली वाळवायचे, ८ सेंटिमीटरच्या गोल चकत्या कापायच्या, खडूच्या पुडीचा हात देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचं आणि पाठीला लाखेचा लेप द्यायचा. चित्रं माझ्याकडे. माझं माहेर सावंतवाडीचं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसून पत्ते रंगवणारे चितारी मी शाळेत असताना पाहिले, आणि ती बारीक कुंचल्याची ओढ तेव्हापासून डोळ्यांत आहे. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरता मरता वाचवली नसती, तर मला पाहायला काही उरलं नसतं.

अडचणी दोन होत्या. पहिली, पत्ता गोल, मग उलटा कोणता? टॅरोत सुलट आणि उलट पत्त्याचे अर्थ वेगळे लावतात. चौकोनी पत्त्याला वर-खाली असतं, चकतीला ते नाही. दुसरी, लहान पत्त्यांवर काय काढायचं? आज सगळीकडे दिसणाऱ्या टॅरोची चित्रकर्ती पामेला कोलमन स्मिथ, तिची दृश्यं मी चकतीत बसवू पाहत होते, आणि पेल्यांच्या तिय्यीतल्या तिन्ही बायका एकमेकींच्या पायावर पाय देऊन उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. तीनदा खरवडून काढल्या.

म्हणून गेल्या शनिवारी टेबलावरून उठलो आणि टॅरो-चेटकविद्येच्या दुकानांच्या गावाला, ग्लास्टनबरीला, गेलो. या गावाला आता रेल्वे नाही, स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं. ब्रिस्टलहून वेल्समार्गे ३७६ नंबरची बस जाते. नवऱ्याने त्याचा सगळ्यात जुना, धुवून धुवून राखाडी झालेला मेटल बँडचा टीशर्ट घातला होता. ऑफिसच्या गावात तो टीशर्ट उठून दिसतो. इथे हाय स्ट्रीटवर उतरलो तर जांभळ्या मखमली झग्यातल्या आजी पिशवीतून कांदे-बटाटे घेऊन चालल्या होत्या, क्रॉसपाशी कुणीतरी ढोल घेऊन बसला होता, आणि आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मला ते फार आवडलं. वेगळं दिसायला इथे सणवार लागत नाही.

मोठा संगीत महोत्सव याच गावाच्या नावाचा असला, तरी तो इथे नसून काही मैलांवर पिल्टनच्या शेतात भरतो. गावात उरतात ती दुकानं. स्फटिक, कढया, औषधी मुळ्या, झाडू, मेणबत्त्या, ग्रंथ. दारात पाय टाकला की पहिला वास आपल्याच उदबत्तीचा. नागचंपा! बंगळुरात वळलेली काडी इथल्या चेटकविद्येचा अधिकृत सुवास होऊन बसली आहे. नवरा म्हणाला, ‘‘मारुतीच्या देवळात आल्यासारखं वाटतंय.’’

‘विच’ हा शब्द इथे बायका (आणि पुरुषही) छातीवर बिल्ला लावावा तसा मिरवतात, आणि मी दर वेळी थोडी थबकते. इंग्लंडने हे सहज कमावलेलं नाही. बिडफर्डच्या तीन बायकांना १६८२ मध्ये एक्झिटरला फाशी दिलं गेलं, आणि १७३५ चा चेटूकविरोधी कायदा रद्द व्हायला १९५१ साल उजाडलं. आपल्याकडे ‘डाकीण’ ठरवून बाईला गावाबाहेर काढण्याचे प्रकार नंदुरबारच्या पट्ट्यात अजून घडतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. त्यामुळे या छंदात मी एक रेघ ठाम ओढून ठेवली आहे. पत्ते स्वतःच्या मनाशी बोलायला आहेत. कुणाचा आजार, कुणाचं लग्न, कुणावरचा आळ यांसाठी मी ते मांडत नाही.

आता कामाचं. धूप-औषधींच्या एका दुकानात भिंतभर बरण्या होत्या. ऊद, लोबान, बोळ, कोपल, आणि खालच्या फळीवर डामर, म्हणजे आपली राळच. इथे ती निखाऱ्यावर टाकायला विकतात. चित्रकार तीच टर्पेंटाइनमध्ये विरघळवून वार्निश करतात. आमच्या लाखेचं दुखणं जुन्या वाचकांना ठाऊक आहे, दमट दिवशी लेप दिला की वर पांढुरकी धूसर साय धरते. ब्रिस्टलमध्ये कोरडा दिवस शोधत बसलं तर कॅट पुरा व्हायचा नाही. म्हणून चित्राच्या बाजूला राळेचं वार्निश आणि पाठीला लाखच, असा प्रयोग ठरवला. राळही पुढे पिवळी पडते, हे माहीत आहे. जुन्या गंजिफांची पिवळी झाक मला आवडतेच. १०० ग्रॅम घेतली. लाखेवर आलेली साय घालवायला कोरड्या, उबदार खोलीत अल्कोहोलचा एक पातळ हात फिरवा. आमच्या सहा चकत्या त्याने वाचल्या.

एका दुकानात ‘हाताने केलेले’ म्हणून ठेवलेले पत्ते निघाले छापील, तेही कुणा चित्रकर्तीचं काम विनापरवाना उचललेले. नवऱ्याला छपाईचे ठिपके लगेच दिसतात. आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो, पण पुढचा अर्धा तास माझं डोकं तापलेलंच होतं. एकेका पत्त्याला आम्हाला तीन-तीन संध्याकाळी लागतात.

डोकं थंड झालं ते पुढच्या दुकानात. नमुन्याला उघडून ठेवलेला मदरपीस टॅरो! १९८१ मध्ये प्रथम निघालेला हा कॅट गोल आहे, व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगल या दोघींचा. फोटो कितीतरी पाहिले होते, हातात पहिल्यांदाच घेतला. त्यांनी गोलपणाची अडचण मानलीच नाही. पत्ता सरळ येतो, उलटा येतो, तसाच डावीकडे किंवा उजवीकडे कलून येतो, आणि त्या कलण्यालाही अर्थ आहे.

डावीकडे, उजवीकडे. मी तिथेच नवऱ्याचा दंड धरला. कौल!

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे देवळात काही विचारायचं असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात आणि मूर्तीला पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. लहानपणी मी श्वास रोखून त्या ओल्या पाकळीकडे पाहिलेलं आहे. बाहेर येऊन बाकावर बसले आणि आईला फोन लावला. डावा कौल म्हणजे देवाचा नकारच ना, असं विचारलं. आई म्हणाली, ‘‘डावो म्हणजे नाय असा नाय गो. देव थांब म्हणता.’’

आमच्या गोल टॅरोचा नियम त्या बाकावर ठरला. प्रत्येक चकतीच्या काठावर एक लहान कमळकळी असेल. पत्ता पालथा काढून तसाच उलटायचा. कळी उजव्या अर्ध्यात आली तर उजवा, म्हणजे वाट मोकळी. डाव्या अर्ध्यात आली तर अर्थ तोच, पण थांबून. अगदी वर किंवा अगदी खाली आली, तर पाकळी न पडल्यासारखं समजून पुन्हा विचारायचं. पाठ मात्र सगळ्यांची एकसारखी, बिननक्षीची लाल हवी, नाहीतर हात आधीच ओळखतो. झालेल्या ३१ पत्त्यांवर कळी वाढवावी लागेल. हरकत नाही.

दुसरा गुंता ग्लास्टनबरी एक्सपिरियन्सच्या अंगणात सुटला. तिथेच देवीचं मंदिर आहे, २००३ मध्ये रीतसर प्रार्थनास्थळ म्हणून नोंदलेलं, आणि तिथेच ‘लायब्ररी ऑफ ॲव्हलॉन’. टॅरोच्या कपाटापाशी दोन तास बसलो. स्मिथबद्दल वाचताना पुन्हा कळवळले. गूढविद्येचे लेखक ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून तिने तिचा अख्खा कॅट काढला, १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने तो छापला, आणि ‘मोठं काम, पैसे अगदी थोडे’ अशा अर्थाचं तिने छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला पत्रात कळवलं. इथून पश्चिमेला कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती १९५१ मध्ये वारली, चेटकाचा कायदा रद्द झाला त्याच वर्षी. लहान पत्त्यांवर पूर्ण दृश्यं काढण्याची तिची रीत इतकी रुळली आहे की दुसरं काही असू शकतं हे आपण विसरतो. शेजारीच मार्सेचा जुन्या धाटणीचा टॅरो होता. त्यात पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले. आमच्या गंजिफेत मत्स्य या रंगाच्या पंजीवर पाच मासे असतात तसेच!

टॅरो १५ व्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणूनच जन्मला. भविष्य त्याला फ्रान्समध्ये १८ व्या शतकात चिकटलं. गंजिफाही खेळच, बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हे मला ठाऊक होतं. नवीन कळलं ते असं: टॅरोच्या जुन्या खेळात तलवारी आणि दंड यांत दश्शी मोठी, पण पेले आणि नाणी यांत क्रम उलटा, एक्का मोठा. नवऱ्याने ते वाक्य वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं, बोलला काहीच नाही. दशावतारी गंजिफेत १० रंग, १२० पत्ते, आणि अर्ध्या रंगांत दश्शी चढी तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का चढा. दोन्ही खेळांत एकच विचार!

दृश्यांचा नाद तिथेच सोडला. तलवारी चढत जातील, एकीपासून दहापर्यंत धार वाढत. पेले उतरत जातील. एक्क्यात एकच कलश, काठोकाठ. दुर्रीत तेच पाणी दोन पेल्यांत, तिय्यीत तिघांत, दश्शीत दहा जणांत वाटलेलं. पाणी तेवढंच, घर मोठं. स्मिथच्या दश्शीतलं ते सुखी कुटुंब असं नुसत्या पेल्यांतून येईल.

उरलेल्या दुपारी चॅलिस वेल. लोहामुळे तांबूस झालेलं, बारमाही ११ अंशांचं पाणी. चव थेट खिळा जिभेवर ठेवल्यासारखी. विहिरीचं झाकण वास्तुविशारद फ्रेडरिक ब्लाय बाँड यांनी आखलेलं, एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. गोलात काम करणाऱ्यांनी ते पाहाच. गल्ली ओलांडली की व्हाइट स्प्रिंग, चुन्याच्या पाण्याचा झरा, १८७२ मध्ये बांधलेल्या पंपघराच्या आत, मेणबत्त्यांच्या उजेडात. आम्ही तिथे बराच वेळ नुसते उभे राहिलो. लाल पाणी बाटलीत भरून आणलंय, पण खळीत घालणार नाही. चिंचोक्याच्या टरफलात टॅनिन असतं, त्याला लोह मिळालं की काळपट डाग. बाटली देव्हाऱ्यात गंगाजळाशेजारी ठेवली आहे.

टॉरवर चढलो तेव्हा वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. १५८ मीटरची टेकडी, माथ्यावर सेंट मायकेलचा रिकामा मनोरा. खाली उतरून परतीची बस.

रविवारी एक्का रंगवला. कलश पितळी पिवळा, जमीन गडद हिरवी, काठावर कमळकळी. रात्री नवऱ्याने नवी चकती पुढे सरकवली, म्हणून दश्शी पेन्सिलने आखून पाहिली. कडेने दहा पेले बसत नाहीत, नऊच बसतात. दहावा मध्यभागी ठेवला.