नरक्याचा काढा

"कॅन्सरवर चालतो ना हा? मग उकळून प्यायला काय हरकत आहे?"

आंबोलीच्या जंगलात वाट दाखवणाऱ्या काकांनी असं विचारत नरक्या या झाडाचं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. असा भपकारा आला की मी मागेच सरकले. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. (वाणी आपल्या नंदुरबारचे, बरं का!) उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते लागू पडलं. माणसांना दिलं, तर जुलाब आणि लघवीतून रक्त. सत्तरच्या दशकात चाचण्या बंद पडल्या. मग रेणूत फेरफार करत करत टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं.

म्हटलं, "काका, शुद्ध करून, मोजून दिलेलंही माणसांना झेपलं नव्हतं. काढ्यात किती उतरलं हे कोण मोजणार?"

"मग पोती भरून चोरून नेतात ते?"

ते अर्क काढायला. आणि त्यासाठी झाड अख्खं तोडतात.

तुमच्याकडच्या घाटात उरलाय का अजून नरक्या?