खोकड, भाग ५: बुरशी आली आणि ऋतूच बदलला

चतुर्थीच्या गडबडीत, सुईने लोकर ठोकून ठोकून करत असलेलं माझं पांढरं आर्क्टिक खोकड (उत्तर ध्रुवाकडचं) प्लास्टिकच्या डब्यात घालून कपाटावर टाकलेलं, पाहुणे गेल्यावर काल झाकण काढलं तर कुबट वास, आणि चारही पायांवर नि तोंडावर काळे ठिपके. बुरशी!! सिलिका जेलच्या पुड्या होत्या आत, पण वेंगुर्ल्याच्या पावसात त्याच ओल्या झाल्या असणार. दीड महिन्याचं काम हो. रात्री जेवण गेलं नाही.

मागच्या भागात रडले होते ना की थंडीतलं आर्क्टिक खोकड करायला जावं आणि पॉमेरेनियन कुत्रा व्हावा, आईने तर सरळ विचारलेलं "ह्यां मांजार की काय गो?" ती चूक मात्र सापडलीय. मी लांब केसच भरत सुटले होते. त्याच्या थंडीच्या कोटात सुमारे ७० टक्के आतली बारीक दाट लव असते, हवा धरून ठेवते ती लवच, लांब केस वर विरळ. १९५० साली शोलँडर आणि इतर शास्त्रज्ञांनी अलास्कातल्या प्राण्यांवरचं काम छापलं त्यात हे खोकड उणे ४० पर्यंत अंग गरम ठेवायला जास्तीचं काही जाळत नाही असं निघालं, आणि आपण पंखा तीनवर केला तरी चादर ओढतो. तर आता आधी ४० नंबरच्या सुईने लव गच्च ठोकायची, लांब केस अगदी शेवटी नि हात आखडून. कान दोनदा कापून बारके केले, तेव्हा कुठे मांजर गेलं.

लोकरीबद्दल एक. ऑनलाइन 'शुद्ध मेरिनो' म्हणून आलेली पांढरी जाळून बघितली तर केस जळल्याचा वास नाही, प्लास्टिकचा मणी झाला. पैसे गेले. त्यापेक्षा घाटावरून आणलेली घोंगडीची काळपट लोकर आतल्या भरावाला शंभर पटीने बरी, खरखरीत आहे पण सुईला धरते.

आणि गंमत तिथेच झाली. बुरशीची पांढरी चिमट्याने उपटायला बसले, पुढचा उजवा पाय झाला, तोंड झालं, आणि खालून ती घोंगडीची लोकर दिसायला लागली, कुठे काळपट, कुठे पांढरे पुंजके लोंबतायत. हात थांबलाच. हे तर वसंतातलं खोकड! फोटोंत अगदी असंच दिसतं, तोंड-पाय तपकिरी आणि पाठीवर जुना पांढरा कोट फाटक्या गोधडीसारखा. म्हणजे दोन खोकडं, एक हिवाळ्याचं एक उन्हाळ्याचं, हा बेत रद्द. एकच, कात टाकणारं.

त्याचा कोट बदलतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवर, थंडी किती पडली त्यावर नाही. आपल्याकडे दिवस ११ तासांचा १३ होतो, कोणाच्या लक्षात येत नाही, तिकडे मध्यरात्री सूर्य. पण बर्फ लवकर वितळलं तर? अंग पांढरं, जमीन तपकिरी, लांबून दिसणार. म्हणून बेसवरचा कापसाचा बर्फ काढतेय, दगड ठेवणार. अंगणात जांभा ढीगभर आहे पण टुंड्रात कुठला जांभा, किनाऱ्यावरून काळ्या कातळाचा तुकडा आणेन.

पायांच्या तारेवर लाल आणि निळा दोरा शेजारी शेजारी गुंडाळलाय. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं, म्हणून अंगातली ऊब बर्फात वाया जात नाही. वरून लोकर चढली, कोणाला दिसणार नाही, मला माहितीय.

आत्ता लिहिताना सुचलं, उलट्या काट्याची सुई आणली तर भरावाची काळपट लोकर पांढऱ्यातून वर ओढता येईल, मग उपटायची गरजच नाही! पाठ तशी करते. सध्या खोकड पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत, वर ६० चा बल्ब. शेपटीवर एकही ठिपका नाही, तिला हात लावणार नाही.