आमची वाटचाल : चुना, साग आणि 2019 चा पावसाळा

आम्ही चुन्यात काम करतो म्हटलं की बडोद्यात पहिला प्रश्न येतो, ‘‘पुरात टिकेल का?’’ हा प्रश्न लोकांच्या डोक्यात आपोआप आलेला नाही. तो 2019 साली मुद्दाम पेरला गेला आणि त्यापायी आमचा धंदा बंद पडायच्या बेतात आला होता.

वडील ठेकेदार होते, सगळी कामं सिमेंटची. मी डांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागातल्या जुन्या मराठी घरांकडे वळलो. सागाचा सांगाडा, मध्ये विटा, वर चुन्याचा गिलावा, अशी ही घरं. पहिल्या कामापासून सोबत होते आमचे मिस्त्री, गुजराती सुतार, वयाने माझ्याहून बरेच मोठे. भागीदारीचा कागद कधी झाला नाही. त्यांच्या पेटीत वडिलांचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार), चार मापांच्या पटाश्या आणि एक चिंचेच्या लाकडाचा रंधा. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं की बाकीचे सुतार अख्खी तुळई बदलायला सांगतात. मिस्त्री कुजका भाग कापून त्याच घरातल्या जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवत आणि लाकडी खुंट्या ठोकत. तशा तुळया आजही भार घेताहेत. तेव्हा सांगून ठेवतो, घरातला जुना साग भंगारवाल्याला देऊ नका. तसा साग आता पैसे मोजूनही मिळत नाही. किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजा, सुकलं की अळशीचं तेल द्या.

आता त्या पावसाळ्याचं. रावपुऱ्यातल्या एका वाड्याचं काम चालू होतं. बाहेरचा गिलावा दिवाळीनंतर करू, असं मी मालकांना लेखी दिलं होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत हळूहळू कडक होतो, त्याला वेळ लागतो. त्यांना गणपतीच्या आत दर्शनी भिंत हवी होती. हट्टाने करून घेतली. 31 जुलैला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला. विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या. ओला गिलावा खालच्या बाजूने सुटला. सुटणारच.

याच कामासाठी आमच्याविरुद्ध दर भरलेला एक ठेकेदार दुसऱ्या दिवशी येऊन भिंतीचे फोटो काढून गेला. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरले, खाली ओळ होती, ‘चुना पाण्यात विरघळतो’. भिंत दोन आठवड्यांची आहे, हे त्यात कुठे नव्हतं. ठरलेली कामं एकेक करून गेली. गवंडी नव्या इमारतींवर गेले. चुना मळायच्या घाणीची मोटार विकायला काढली, तर मिस्त्रींनी गिऱ्हाईकाला दारातून परत पाठवलं आणि दिवाळीपर्यंत मजुरी घेतली नाही. रावपुऱ्याचं काम अर्थात त्याच ठेकेदाराला मिळालं.

आम्हाला तारलं ते डांडिया बाजारातल्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. त्यांच्या चौकातही गुडघाभर पाणी होतं, पण तिथला गिलावा आम्ही आधीच्या हिवाळ्यात केलेला. पाणी ओसरल्यावर भिंती दिवाळीच्या आत कोरड्या. शेजारच्या सिमेंटच्या भिंतीला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, फुटत होता. बाईंनी वरच्या मजल्याच्या कडीपाटाचं, म्हणजे लाकडी छताचं, काम थांबवलं नाहीच, उलट येईल त्याला हात धरून दोन्ही भिंती दाखवल्या. पुढची तीन कामं त्यांच्या ओट्यावर ठरली.

कारण साधं आहे. जुन्या विटेत जमिनीतली ओल चढते. चुन्यातून ती बाहेर उडून जाते. सिमेंटने वाट बंद केली की ओल वर सरकते, विटांचा भुगा होतो आणि शेवटी तुळईच्या टोकापर्यंत पोचते. त्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे उरलीसुरली वाटही बंद. चुना पर्यावरणालाही बरा. सिमेंट भाजायला 1450 अंश सेल्सिअसची भट्टी लागते, चुन्याला साधारण 900 पुरतात. शिवाय चुनखडीतून भट्टीत गेलेला कार्बन डायऑक्साइड चुना भिंतीवर बराचसा परत घेतो. ओलीच्या जागी चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घाला, पण कमी भाजलेल्या विटेची. जळक्या विटेची सुरखी चुन्याला धरत नाही. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले खडे, पाण्यात विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवा. पोत्यातला चुना आणून त्याच दिवशी थापणाऱ्याला घरात घेऊ नका.

आणि चौकाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं बुजवू नका, ही विनंती समजा. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि आपल्याकडचा वर्षाचा 900 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस धरला, तर थोडं वाया जाऊनही साठ-पासष्ट हजार लिटर पाणी हाती येतं. बाईंचं टाकं गाळ उपसून, आतून चुना-सुरखी करून पुन्हा चालू केलं. आता त्या वरणही त्याच पाण्यात शिजवतात.

नंतरची वर्षं बरी गेली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री पुन्हा चढली, तेव्हा आमच्या एकाही भिंतीची तक्रार आली नाही. त्याचे फोटो मात्र कोणी फिरवले नाहीत.

मिस्त्री आता कामावर येत नाहीत, वाकस त्यांच्या पुतण्याच्या हातात आहे आणि तो आमच्याकडेच आहे. रावपुऱ्याच्या वाड्याचं सिमेंट तिसऱ्या वर्षी पोपडे धरून पडायला लागलं. आमच्या बिलाची बाकी मालकांनी अजून दिलेली नाही. दर दिवाळीला ती नव्या वहीत पुढे ओढतो.