वर येऊन म्हणा

१९९६च्या स्नेहसंमेलनात मी बापाचं काम केलं होतं. तेव्हा मी नववीत होतो. धोतर आजोबांचं, मिशी कोळशाची. नाटक जेमतेम १५ मिनिटांचं. आठवीतल्या मुलीला बघायला पाहुणे येतात, बाप सुपारी फोडायला तयार होतो, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन उभी राहते आणि तिथंच नाटक संपतं. गाव चुळबुळ करू लागलं. तेवढ्यात मराठीच्या बाई पुढे आल्या. "हेच पुन्हा करतो. खटकेल तिथं 'थांबा' म्हणा आणि मुलीच्या नाहीतर आईच्या जागी या."

बाई सुटीत पुण्याला शिबिर करून आल्या होत्या. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल १९७३ साली पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करताना या रीतीकडे वळले, असं बाईंनी आम्हाला तालमीत सांगितलं होतं. सत्यशोधक जलशांनी आपल्याकडे गावोगाव प्रश्न मांडलेच होते, पण तिथं सांगणारे फडात आणि ऐकणारे समोर. इथं समोरच्यालाच उठायचं होतं.

"पोरीनं सरळ नाही म्हणावं!" एक गृहस्थ बसल्या जागेवरून ओरडले.

"वर येऊन म्हणा," बाई म्हणाल्या.

ते आले, डोक्यावर ओढणी घेतली. हट्ट सोडायचा नाही, अशी मला ताकीद होती. मी दरडावलं, "शाळेची तीन किलोमीटरची वाट. काय झालं तर जबाबदार कोण?" ते गप्पच झाले. कुणी हसलं नाही. दुसऱ्या एकानं बापाचीच जागा मागितली. बाईंनी दिली नाही. "बाप आपोआप शहाणा झाला तर प्रश्नच मिटला. घरी होतो का तसा?" इतका नेमका प्रश्न मी नंतर कुठल्याही वर्गात ऐकला नाही.

मग माझी आई उठली. पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"लग्नाला पैसं कुठनं आणणार?"

"कर्ज काढीन."

"थोरलीच्या लग्नाचं फिटलं का?"

नाटकात थोरली नव्हती. ती आमच्या घरात होती. वडील समोर सतरंजीवर बसले होते. मला शब्द सुचेना.

वाटेचा प्रश्न वाडीतल्या बायकांनी त्याच रात्री उचलून धरला. जूनपासून रोज एकजण पाळीनं मुलींबरोबर शाळेपर्यंत चालत जाऊ लागली. माझ्या मधल्या बहिणीची दहावी त्यामुळंच झाली. पुढं तिला शिकवता आलं नाही, ही सल आजही आहे. बाईंचं ऋण मात्र आमच्या घरावर कायमचं आहे.

त्या रात्री हौदावर मिशीचा कोळसा धूत होतो, तेव्हा वडील मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू मधीच गप का झालास?"