पाच पुऱ्या

थाळीच्या हॉटेलात पाडवा म्हणजे लढाईच. एरवी या दिवशी साडेअकरापासून दारात वेटिंग लागतं. नऊवारीतल्या आज्या, नव्या कपड्यांत किरकिरणारी पोरं, आणि गल्ल्यावर वहीत नावं लिहून घेत "दहाच मिनिटं हं" असं धडधडीत खोटं बोलणारा मी.

१३ एप्रिल २०२१चा पाडवा मात्र चिडीचूप उजाडला. बसून खायला बंदी, फक्त पार्सल. सकाळी दारात गुढी उभारली, साखरेची गाठी घातली, कडुनिंबाची चटणी सगळ्यांच्या हातावर ठेवली. मास्क खाली, चटणी तोंडात, मास्क वर. तोंड कुणी किती वाकडं केलं ते कळलंच नाही. भटारखान्यातले महाराज नुकतेच करोनातून उठले होते. चव आली होती, वास मात्र अजून येत नव्हता. मसालेभाताचं झाकण काढून मला हाक मारायचे, "साहेब, जरा हुंगा. करपला नाही ना?" गल्ल्यावरच्या माणसाला एवढा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला.

खरी पंचाईत पुरीची. तळणीतून निघाल्या निघाल्या डब्यात बंद केली की वाफ धरते आणि पाच मिनिटांत तिचं चामडं होतं. म्हणून झाकणांना सुरीच्या टोकाने भोकं पाडायची. तरी टम्म फुगलेली पुरी झाकणाखाली हळूहळू बसत जाताना बघवत नाही. श्रीखंडाला नेमकं उलटं. ते गरम भाताच्या शेजारी ठेवलं की पातळ होतं, म्हणून त्याची पिशवी वेगळी. ताटात सुखाने नांदणारी ही मंडळी पिशवीत एकमेकांच्या जिवावर उठतात.

आमचा एक वाढपी गेली वीस वर्षं पुऱ्याच वाढतोय. नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात चुकवून पुरी टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "घ्या हो काकू, सणाचं नाही म्हणू नये!" त्या दिवशी त्याच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. डबे बंद करता करता म्हणाला, "साहेब, आज कुणी नकोच म्हणत नाही हो." आणि पुन्हा पट्टी ओढायला लागला.

बाहेर डिलिव्हरीची पोरं उन्हात गाड्यांवर बसलेली. लस तेव्हा पंचेचाळिशीपुढच्यांनाच मिळत होती आणि ही सगळी विशीतली. त्यामुळे मोबाईलमध्ये आरटीपीसीआरचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांच्या घरचा सण पोचवत फिरत होती. त्यांना ताक दिलं. एकाने ग्लास धुऊन परत आणून दिला, तेही दोनदा धुऊन.

रात्री साडेआठच्या सुमारास मोबाईलवर मुख्यमंत्र्यांचं भाषण लागलं. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून आणखी कडक निर्बंध. पार्सल चालू राहणार, एवढं ऐकून महाराजांनी पुढचं ऐकलंच नाही, उद्याच्या बटाट्यांचा हिशोब मांडला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक आजोबा.

"तुमच्या कागदावर पाच पुऱ्या लिहिल्यात. इथे सात निघाल्या. जादाचे पैसे लावलेत की काय?"

"नाही हो काका, चुकून गेल्या असतील."

"चारही डब्यांत चुकून?"

मी वळून पाहिलं. वाढपी मान खाली घालून रिळाचं हरवलेलं टोक नखाने शोधत होता.