बाविसावं सिटिंग

मंगळवार, रात्री साडेनऊ

माझ्या नैराश्यावर टीएमएस चालू आहे, म्हणजे डोक्यावर कॉइल टेकवून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार. आज बाविसावं सिटिंग झालं, अजून आठ राहिली. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी अकराला. आई बरोबर येते. डोक्याजवळ धातू चालत नाही, म्हणून मी कुड्या काढून तिच्या हातात देते आणि ती त्या रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवते.

पहिल्या दिवसाचं लिहायचंच राहिलं होतं. तेव्हा पेन धरायचंही त्राण नव्हतं. आज लिहिते.

खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी, मागे कलणारी. डोक्यावर घट्ट कापडी टोपी, तिच्यावर टेपने मापं घेऊन पेनाने खुणा. कानांत बोळे. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवली. डॉक्टर म्हणाल्या, "उजवा हात मांडीवर सैल सोडा." टक्. काहीच नाही. कॉइल जराशी सरकवली. टक्. आणि माझा अंगठा हलला.

मी हलवला नव्हता. पुन्हा टक्, पुन्हा अंगठा. मी नुसती हाताकडे बघत राहिले. डॉक्टर ताकद कमी करत गेल्या. दहातल्या पाच वेळा अंगठा हलेल ती माझी पातळी, त्यावरून डोस ठरतो. प्रत्येकाची वेगळी असते म्हणे.

त्यांचं मोजमाप चाललं होतं आणि मला रडू फुटलं. दोन वर्षं ऐकत आले होते, मनावर घे, जरा फिरून ये, लोकांची दुःखं बघ. सगळे मायेनेच बोलायचे. तीन औषधं बदलून झाली, तरी मी स्वतःला हेच बजावत होते की माझाच निग्रह कमी पडतोय. अंगठा तर मला न विचारता हलला. कवटीच्या आतल्या एका जागी टिचकी मारली की हात हलतो. तिथून पाच-सहा सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या मागे, माझी दुखणारी जागा. हृदय थकतं, गुडघा थकतो, तशी तीही थकलीय. हे मला कुणीही शब्दांत सांगून पटलं नसतं.

आदल्या रात्री आईने विचारलं होतं, "शॉक देणारेत का गं?" शॉक वेगळा. त्यात भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात. अतिशय गंभीर आजारात आजही त्याच्याइतका गुण क्वचितच कशाने येतो, सिनेमांनी उगाच त्याची भीती घातलीय. इथे भूल नाही, झटका आणायचा नसतो. फिटचा धोका हजारात एकापेक्षाही कमी, तोही सहीच्या कागदावर लिहिलेला. मी जागी असते आणि उठून चालत बाहेर येते.

आईने तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. कॉइलमधून क्षणभर जोराचा करंट जातो, चुंबकीय क्षेत्र कवटीच्या आरपार जातं आणि आत मेंदूच्या सालीत बारीक करंट उठवतं, एवढं मी सांगितलं आणि ती थांबली. "म्हणजे फॅरडे!" १८३१चा प्रयोग. कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरची सुई हलते, तो ती दरवर्षी दहावीला करून दाखवायची. "सुई हलते तसा तुझा अंगठा हलला," म्हणाली. त्या रात्री ती शांत झोपली. हे यंत्र माणसाच्या मेंदूवर पहिल्यांदा चाललं १९८५ साली, इंग्लंडातल्या शेफिल्डला, अँथनी बार्कर यांनी चालवलं. अमेरिकेत नैराश्यासाठी परवानगी मिळायला २००८ उजाडलं. तेही तिला सांगितलं.

रोजचं म्हणाल तर सुतारपक्षी टाळूवर चोच मारतोय. चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांत, असं सदतीस मिनिटं. ठोके तीन हजार. डावी भुवई आपोआप उडते. पहिला आठवडा डोकं ठणकलं, क्रोसिन घेतली. विमा कंपनीने "ॲडमिट नाही, म्हणून क्लेम नाही" असं कळवलं. मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विमासंरक्षण द्यायचं, असं २०१७चा कायदा सांगतो. तरीही पैसे आईच्या एफडीतून गेले. याचा राग मला तेव्हा आलासुद्धा नाही.

पहिले तीन आठवडे फरक शून्य. पंधराव्याला म्हटलं, बस झालं. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो, साधारण तिसऱ्या हिश्श्याची लक्षणं जवळजवळ जातात, काहींना काहीच नाही. पण बऱ्याच जणांना चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळतं, तोवर या, म्हणाल्या. गोळ्याही चालूच ठेवायच्या.

आज येताना रिक्षाचं मीटर ब्याऐंशी दाखवत होतं आणि तो शंभर मागत होता. "अहो, मीटरप्रमाणे घ्या की! कशाचे जास्तीचे?" मी. चांगलं ठणकावून. दोन वर्षं कुणी काहीही मागितलं, मी देऊन मोकळी होत होते, कारण तोंड उघडण्याइतकंही काही वाटत नव्हतं. आज वाटलं. छातीत गरम झालं, आवाज चढला. त्याने अठरा रुपये परत दिले.

आई जिन्यात थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही, चल, कुकर लावायचाय."

उद्या डॉक्टरांना हे सांगायचं. आईचा रुमाल धुऊन दोरीवर टाकलाय, सकाळपर्यंत वाळेल.