काँक्रीटवरची वेल

आधुनिकतावादी शैलीतल्या सार्वजनिक, म्हणजे सरकारी यंत्रणांनी लोकांसाठी बांधलेल्या, वसाहतींची जी छायाचित्रे आपल्यासमोर येतात, त्यांतल्या बहुतेकांत आभाळ काळवंडलेले असते, काँक्रीट आहे त्याहून करडे दिसते आणि माणूस औषधालाही सापडत नाही. मीही बरीच वर्षे अशीच छायाचित्रे काढत होतो.

लंडनच्या अलेक्झांड्रा रोड वसाहतीने माझी ही सवय मोडली. वास्तुरचनाकार नीव्ह ब्राउन यांनी आखलेली, १९७८ मध्ये पूर्ण झालेली ही सुमारे ५२० घरांची वसाहत. तिचे मजले पायऱ्यांसारखे मागे सरकत जातात, त्यामुळे घरांना उघड्या आभाळाखालची स्वतःची जागा मिळते. रेल्वेमार्गाकडची बाजू मात्र आवाज अडवण्यासाठी उंच आणि बरीचशी बंद ठेवली आहे. तिथल्या काँक्रीटवर सेंटरिंगच्या लाकडी फळ्यांच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या आहेत. दुपारी त्या जवळजवळ दिसतही नाहीत. पण ऊन तिरपे होऊन भिंतीला घासून जाऊ लागले, की एकेक शीर वर येते. एका कठड्यावरून लोंबणाऱ्या वेलीची सावली त्या शिरांवर हलत होती, आणि ही भिंत कोणाच्या तरी घराची आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने जाणवले.

कॅमेरा वरच्या दिशेने तिरपा केला, की उभ्या रेषा आत झुकतात आणि धडधाकट इमारतही मागे कोसळते आहे असे वाटते. म्हणून मी शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा सरळ ठेवूनही वर सरकवता येणारी लेन्स, वापरतो आणि सेन्सर भिंतीला समांतर ठेवतो. हे केवळ तंत्र आहे असे मला वाटत नाही, कारण छायाचित्रावरून इमारतीचा न्याय होतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या प्रूइट-आयगो या ३३ इमारतींच्या वसाहतीचे पाडकाम १९७२ मध्ये सुरू झाले; कोसळत्या इमारतीचे चित्र जगभर गेले आणि आधुनिक वास्तुकलाच फसली, असा निकाल त्यावरून दिला गेला. देखभालीचा खर्च गरीब भाडेकरूंच्या भाड्यातूनच भागवायचा होता, घरे रिकामी होत गेली तसतसा तो पैसाही आटला, हे त्या चित्रात कुठून दिसणार?

आता मी आधी रिकाम्या हाताने वसाहत फिरतो, रहिवाशांशी बोलतो आणि मगच तिवई उभी करतो. खिडकीच्या आतले काहीही टिपत नाही. कुंड्या, वाळत घातलेले कपडे, मागाहून बसवलेली वेगळ्या रंगाची दारे पूर्वी मी चौकटीबाहेर ठेवायचो. आता ती येतील अशाच बेताने उभा राहतो.